हार्मोनच्या गोळीला रायबोसिक्लिब, पाल्बोसिक्लिब, एव्हरोलिमसची जोड: काउंटरवर काय बघायचं?

निपाणी मेडिकल

नमस्कार मंडळी. स्तनाच्या कॅन्सरच्या चिठ्ठ्या पूर्वी लेट्रोझोल नाहीतर टॅमॉक्सिफेन एवढ्यावर संपायच्या. आता बेळगाव, कोल्हापूर, मिरज तिन्हीकडून जोडगोळ्या लिहून येतात. पेशंट महिनाभर आपल्याच गावात असतो, त्यामुळे मधल्या तक्रारी पहिल्यांदा आमच्याच काउंटरवर येतात. सध्याच्या चार चिठ्ठ्या अशा:

एक, ५८ वर्षांच्या बाई, हाडात पसरलेला. लेट्रोझोल २.५, रायबोसिक्लिब ६००, दर महिन्याला हाडांसाठी झोलेड्रोनिक ॲसिड. बीपीसाठी अम्लोडिपिन आधीपासून.

दोन, ४१ वर्षं. लेट्रोझोल आणि पाल्बोसिक्लिब १२५. चिठ्ठीवर दुसरं काही नाही.

तीन, एक्झेमेस्टेन २५ आणि एव्हरोलिमस १०. बाई बिडी कारखान्यात होत्या, मिश्रीची जुनी सवय.

चार, फुलवेस्ट्रंटचं इंजेक्शन (हेही हार्मोन उपचाराचंच) चालू आहे, डॉक्टरांनी पीआयके३सीए टेस्ट (गाठीतल्या एका जीनची) सांगितलीय. शुगर आहे, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ८.६.

नातेवाईक दोनच गोष्टी विचारतात. केमो का नाही? आणि इतकी औषधं निघालीत तर सगळी एकदम देऊन का टाकत नाहीत? मला हे समजून घ्यायचंय, आणि गोळी देताना कुठे अडवायचं तेही.

ऑन्को ओपीडी बेळगाव

आधी नातेवाइकांचं उत्तर. हार्मोन पॉझिटिव्ह, हर२ (पेशीला वाढवणारं एक प्रोटीन) निगेटिव्ह गाठीत इस्ट्रोजेनचा रिसेप्टर पेशीला सायक्लिन डी१ बनवायला लावतो. ते सीडीके ४ आणि ६ ला जाऊन चिकटतं, ही जोडी पेशीला आवरून धरणाऱ्या आरबी प्रोटीनला निकामी करते आणि पेशी जी१ (विभाजनाच्या तयारीचा पहिला टप्पा) मधून पुढे सरकून डीएनए दुप्पट करायला लागते. लेट्रोझोल वरून इस्ट्रोजेन तोडतं, रायबोसिक्लिब किंवा पाल्बोसिक्लिब खाली सीडीके अडवतं. एकाच वाटेवर दोन ठिकाणी अडथळा, म्हणून ही जोडी जमते.

हीच गोष्ट केमोच्या बाबतीत उलटी पडते. केमोची बरीचशी औषधं विभाजनाच्या मधोमध असलेल्या पेशीला मारतात. तुम्ही पेशी जी१ मध्येच थांबवून ठेवली तर केमोला मारायला काही उरत नाही, आणि दोन्ही औषधं मिळून पांढऱ्या पेशी मात्र खाली आणतात. म्हणून सीडीके ४/६ ची गोळी आणि केमो एकत्र देत नाहीत. «केमो नाही म्हणजे उपचार अर्धवट» ही समजूत मात्र जरूर काढा. राइट चॉइस नावाच्या ट्रायलमध्ये पाळी न गेलेल्या, आजार वेगाने वाढणाऱ्या बायकांना एकीकडे हार्मोन उपचारासह रायबोसिक्लिब आणि दुसरीकडे दोन औषधांची केमो दिली. आजार आटोक्यात राहण्याचा काळ गोळीच्या बाजूला सुमारे दोन वर्षं होता, केमोच्या बाजूला सुमारे एक वर्ष.

सीडीके ४/६ च्या तिन्ही गोळ्या (रायबोसिक्लिब, पाल्बोसिक्लिब, अबेमासिक्लिब) सारख्याच, असं मात्र नाही. मोनालिसा-२ ट्रायलमध्ये लेट्रोझोलसोबत रायबोसिक्लिब घेणाऱ्यांचं मध्यम आयुर्मान ६३.९ महिने होतं, नुसत्या लेट्रोझोलवर ५१.४. पालोमा-२ मध्ये पाल्बोसिक्लिबने आजार वाढण्याआधीचा काळ १४.५ वरून २४.८ महिन्यांवर नेला, पण एकूण आयुष्य वाढल्याचं सिद्ध झालं नाही. तरी पाल्बोसिक्लिब लिहिलं जातं, कारण जानेवारी २०२३ मध्ये भारतातलं पेटंट संपलं, देशी कंपन्यांच्या गोळ्या आल्या आणि किंमत उतरली. शिवाय त्यात हृदयाच्या ठोक्यांची धास्ती कमी. ज्यांचा ईसीजी बिघडलेला आहे किंवा ज्यांना दोन आठवड्यांनी ईसीजीला येणं जमणारच नाही, त्यांना पाल्बोसिक्लिब देणं चुकीचं नाही, हे माझं मत.

दोन नंबरच्या चिठ्ठीवर थांबा. ४१ वर्षांच्या बाईला नुसतं लेट्रोझोल चालत नाही. अंडाशय चालू असताना लेट्रोझोलने अरोमॅटेज (इस्ट्रोजेन बनवणारं एन्झाइम) बंद केलं की मेंदू अंडाशयाला आणखी जोराने चाबूक मारतो आणि इस्ट्रोजेन परत वर येतं. केमोनंतर पाळी थांबली म्हणजे रजोनिवृत्ती झाली असंही नाही, ती पुन्हा सुरू होऊ शकते. अंडाशय काढलेत का, की दर २८ दिवसांनी गोसेरेलिन ३.६ चं पोटाच्या कातडीखालचं इंजेक्शन हॉस्पिटलात चालू आहे, हे विचारा. दोन्ही नसेल तर त्याच दिवशी लिहिणाऱ्या डॉक्टरांना फोन लावा.

चौथ्या चिठ्ठीबद्दल. पीआयके३सीए मध्ये बदल साधारण ४० टक्के हार्मोन पॉझिटिव्ह पेशंटमध्ये सापडतो. तिथे फुलवेस्ट्रंटला, या जीनची पीआय३के नावाची वाट अडवणाऱ्या अल्पेलिसिबची जोड देता येते. सोलार-१ ट्रायलमध्ये आजार थोपवण्याचा काळ ५.७ वरून ११ महिने झाला. पण ८.६ च्या एचबीए१सीवर ते सुरू करणं म्हणजे संकट ओढवून घेणं. इन्सुलिनचा संदेश पेशीत याच पीआय३के वाटेने जातो. ती वाट बंद केली की स्नायू साखर उचलत नाहीत, लिव्हर साखर सोडत राहतं आणि पहिल्या दोन आठवड्यांत शुगर उसळते. त्यावर घाईने इन्सुलिन वाढवलं तर तेच इन्सुलिन गाठीतली अडवलेली वाट पुन्हा उघडायला बघतं. म्हणून आधी आहार आणि मेटफॉर्मिन, मग एसजीएलटी२ गटातली, लघवीतून साखर बाहेर टाकणारी गोळी (किटोन वाढण्याची शक्यता ध्यानात ठेवून), आणि इन्सुलिन शेवटी. मात्र शुगर फारच चढली तर जीव वाचवायला इन्सुलिन द्यावंच लागतं, तिथे गाठीचा विचार करत बसायचं नाही. कॅपिव्हासर्टिब हे त्याच वाटेवरचं पुढचं एकेटी प्रोटीन अडवणारं औषध शुगरला जरा सौम्य आहे, चार दिवस घ्यायचं, तीन दिवस सुट्टी. पण त्याच्या ट्रायलमध्येही ८ किंवा त्यावर एचबीए१सी असलेल्यांना घेतलं नव्हतं. तेव्हा टेस्टचा रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस शुगर खाली आणण्यात घालवा.

सगळी एकदम का देत नाहीत? जास्तीत जास्त एकदम अडवायचे प्रयत्न झाले आहेत. बुपारलिसिब नावाचं औषध पीआय३केचे सगळे प्रकार एकदम अडवायचं. लिव्हर बिघडलं, नैराश्य आलं, आणि ते मागे पडलं. उलट इनाव्होलिसिब फक्त एक प्रकार नेमका अडवतं, म्हणून पाल्बोसिक्लिब आणि फुलवेस्ट्रंटसोबत तिहेरी देता आलं, आणि २०२४ मध्ये अमेरिकेत मंजूरही झालं. जोडी चालते की नाही ते पेशंट ती पूर्ण डोसमध्ये किती महिने पचवतो यावर ठरतं.

हर२ पॉझिटिव्ह असेल तर वरचं केमोचं गणित लागू नाही. तिथे ट्रास्टुझुमॅब, पर्टुझुमॅब हे डोसेटॅक्सेलसोबतच द्यायचं असतं. फक्त डॉक्सोरुबिसिनसोबत एकाच वेळी नको, हृदय कमजोर होतं. दर तीन महिन्यांनी इको.

क्लिनिकल फार्मसी

ओपीडीवाल्यांनी वाट समजावली, मी खड्डे दाखवतो. या जोड्यांमध्ये घोळ कॅन्सरच्या दोन औषधांमुळे क्वचितच होतो. तो होतो गावातल्या तिसऱ्या चिठ्ठीमुळे.

पहिल्या नंबरच्या बाई घ्या. रायबोसिक्लिब ईसीजीवरचं क्यूटी (ठोक्यानंतर हृदय पुन्हा तयार व्हायला लागणारा वेळ) लांबवतं; ते फार लांबलं की ठोके बिघडतात. सुरू करताना क्यूटीसी (ठोक्यांच्या वेगानुसार दुरुस्त केलेलं क्यूटी) ४५० मिलिसेकंदांच्या खाली हवं, १४ व्या दिवशी पुन्हा ईसीजी, ४८० च्या वर गेलं तर गोळी थांबवून कळवायचं. आता या बाईंना घसा धरला म्हणून कुणी अझिथ्रोमायसिन दिलं, मळमळीला ऑनडॅन्सेट्रॉन, पित्ताला पॅन्टोप्राझोल-डॉमपेरिडोन. पॅन्टोप्राझोल सोडलं तर बाकीची तिन्ही क्यूटी लांबवतात. लिव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन त्याच रांगेत. आणि झोलेड्रोनिक ॲसिडने रक्तातलं कॅल्शियम उतरतं, कॅल्शियम उतरलं की क्यूटी आणखी लांबतं. दोन आठवड्यांच्या जुलाबाने पोटॅशियम गेलं तरी तेच. त्यामुळे या बाईंची कॅल्शियम आणि ड३ ची गोळी «ताकदीची» म्हणून ऐच्छिक समजू नका, आणि झोलेड्रोनिकच्या आधी कॅल्शियम, क्रिएटिनिन बघितलंय का ते विचारा. टॅमॉक्सिफेनसोबत रायबोसिक्लिब देत नाहीत, कारण तेच. अम्लोडिपिन बंद करायची गरज नाही, पण रायबोसिक्लिबमुळे ते रक्तात जास्त साचू शकतं. पायाला सूज, उठताना चक्कर आली तर बीपी मोजून डोस उतरवायचा.

दुसरा खड्डा सीवायपी३ए४ चा. यातली बहुतेक औषधं लिव्हरमधल्या याच एन्झाइमवर मोडली जातात. इट्राकोनॅझोल (गजकर्णाला सध्या सर्रास देतात), क्लॅरिथ्रोमायसिन ही एन्झाइम बंद पाडतात आणि गोळीचा डोस आपोआप वाढल्यासारखा होतो. टाळता आलंच नाही तर पाल्बोसिक्लिब ७५ वर आणतात, रायबोसिक्लिब ४०० वर. रिफाम्पिसिन, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन उलट करतात, गोळी पोटात जाते पण रक्तात टिकत नाही. पपनस बंद. डाळिंबाचं नावही रायबोसिक्लिबच्या सुरुवातीच्या माहितीपत्रकात होतं, रोजचा ग्लासभर रस नको म्हणून सांगा. गुळवेलीचा काढा आणि गोळ्या स्पष्ट विचारा. गुळवेलीने लिव्हरला सूज आल्याच्या नोंदी आहेत, आणि लिव्हरचा एसजीपीटी वाढला की दोष नाहक रायबोसिक्लिबवर येतो, चालणारं औषध बंद होतं.

आता सीबीसी. तालुक्याच्या लॅबचा रिपोर्ट एकूण पांढऱ्या पेशी आणि टक्केवारी देतो, एएनसी (न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची प्रत्यक्ष संख्या) लिहीत नाही. ते आपण काढायचं: एकूण गुणिले न्यूट्रोफिलची टक्केवारी, भागिले १००. २३०० आणि ३८ टक्के म्हणजे ८७४. हा आकडा पाल्बोसिक्लिबच्या सायकलच्या (२१ दिवस गोळी, ७ दिवस सुट्टी) पहिल्या दिवशी आला तर सुरू करायचं नाही, १००० च्या वर येईपर्यंत थांबून आठवड्याने पुन्हा रक्त. तोच ८७४ पहिल्या दोन सायकलींतल्या १५ व्या दिवशी आला, ताप नाही, तर त्याच डोसवर २१ दिवस पूर्ण करायचे आणि २२ व्या दिवशी तपासायचं. रायबोसिक्लिबवर मात्र ८७४ ला मध्येच थांबवतात आणि १००० ओलांडल्यावर त्याच डोसने पुन्हा सुरू करतात. ५०० च्या खाली गेलं तर दोन्हीत थांबवणं आणि पुढे एक पायरी उतरणं: पाल्बोसिक्लिब १२५, १००, ७५, रायबोसिक्लिब ६००, ४००, २००.

केमोच्या सवयीने काउंट पडला की लोक पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन मागतात. इथे अस्थिमज्जेतल्या पेशी मरत नाहीत, नुसत्या थांबतात, सुट्टीच्या आठवड्यात आपोआप वर येतात. इंजेक्शनची गरज क्वचित. पण १००.४ फॅरनहाइट ताप असेल तर काउंट काहीही असो, पॅरासिटामॉल देऊन घरी पाठवू नका.

पाल्बोसिक्लिबवर एमसीव्ही (लाल पेशींचा आकार) वाढतो, तो औषधाचाच परिणाम. त्यापायी बी१२ ची इंजेक्शनं टोचत बसायला नको.

निपाणी मेडिकल

दोन नंबरवाल्यांना फोन केला. इंजेक्शन कोल्हापूरला चालू आहे, चिठ्ठीवर लिहिलेलं नव्हतं इतकंच. एक नंबरच्या बाईंकडे डॉमपेरिडोन सापडलं, त्यांच्या डॉक्टरांना कळवलंय. तीन नंबरचं कुणी सांगेल का? तोंड आलंय, तिखट अजिबात खाववत नाही.

डे केअर सिस्टर

एव्हरोलिमसमध्ये तोंड येणं पहिल्या आठ आठवड्यांत जास्त. आधीपासून काळजी घेतली तर बरंचसं टळतं, पण आता आलंच आहे तर एकीकडे डॉक्टरांना कळवा. खाणं-पिणं अडत असेल तर ते गोळी काही दिवस बंद ठेवून नंतर ५ मिलिग्रॅमवर आणतात.

टाळण्यासाठी डेक्सामेथासोनच्या चुळा: ५ मिलीत ०.५ मिलिग्रॅम ताकदीचं, अल्कोहोल नसलेलं औषध १० मिली तोंडात घेऊन दोन मिनिटं खळखळवायचं आणि थुंकायचं. गिळायचं नाही. दिवसातून चार वेळा, पुढचा एक तास खाणं-पिणं नाही, असं आठ आठवडे. तयार मिळत नसेल तर गोळ्या कुटून घरी बनवू नका, हॉस्पिटलच्या फार्मसीला सांगा. दुकानातला झणझणीत माउथवॉश आणि हायड्रोजन पेरॉक्साइड दोन्ही बंद.

मिश्रीबद्दल थेट विचारा, आडून विचारलं तर «नाही» म्हणतात. भाजलेल्या तंबाखूची पूड त्याच सोललेल्या हिरडीवर घासली तर कुठल्याही चुळा कामाच्या नाहीत. मऊ ब्रश द्या. खर्डा, लोणचं, कडक भाकरी काही दिवस बाजूला, भाकरी दुधात नाहीतर ताकात कुस्करून खाऊ दे. पांढरा थर दिसला तर बुरशी आहे. त्यावर फ्लुकोनॅझोल लगेच देऊ नका, त्याने एव्हरोलिमस रक्तात वाढतं. तोंडात लावायचं निस्टॅटिन आधी.

तोंडापेक्षा मला भीती खोकल्याची. एव्हरोलिमसने जंतुसंसर्ग नसतानाही फुप्फुसाला सूज येते: कोरडा खोकला, जिना चढताना दम. कफ सिरपवर दोन आठवडे घालवू नयेत, सीटी लागतो. टीबीच्या शंकेवरून बेडका न तपासताच औषधं सुरू केली की दुहेरी नुकसान, कारण वर लिहिलंय तसं रिफाम्पिसिन एव्हरोलिमसला संपवून टाकतं. सुरू करण्याआधी एचबीएसएजी झालंय का तेही बघा, दबलेला हिपॅटायटिस बी उठू शकतो. शुगर आणि कोलेस्टेरॉल महिन्याला.

फुलवेस्ट्रंट तुमच्याकडून जात असेल तर: ५०० मिलिग्रॅम म्हणजे ५ मिलीच्या दोन सिरिंज, दोन्ही कुल्ल्यांत एकेक, प्रत्येकी एक ते दोन मिनिटं घेऊन सावकाश. दिवस १, १५, २९, मग महिन्याला एक. एकच सिरिंज देऊन दुसरी पुढच्या वेळेला ठेवतात, तो अर्धा डोस झाला. २ ते ८ अंशांत ठेवायचं. कोल्हापूरहून एसटीने आणताना थर्माकोलच्या डब्यात बर्फाची पिशवी आणि औषध यांच्यामध्ये जाड कागद घाला. गोठलं तरी वाया. ट्रास्टुझुमॅबच्या बाबतीत तर हे जास्तच सांभाळा.

अबेमासिक्लिब अजून तुमच्याकडे आलं नाही वाटतं, येईल. ते सुट्टीशिवाय रोज दोनदा घ्यायचं, आणि जुलाब हमखास. पहिल्या पातळ शौचालाच लोपेरामाइड ४ मिलिग्रॅम, मग प्रत्येक पातळ शौचानंतर २, दिवसात १६ च्या वर नाही. चोवीस तासांत थांबलं नाही तर गोळी बंद करून कळवायचं. त्यावर क्रिएटिनिन थोडा वाढलेला दिसतो, किडनी बिघडलेली नसते, औषध फक्त क्रिएटिनिन बाहेर टाकणं अडवतं. एका पायाला सूज आणि पोटरी दुखत असेल तर मात्र रक्ताची गाठ आहे का ते त्याच दिवशी बघायचं.

पॅथॉलॉजी

पीआयके३सीए टेस्टबद्दल थोडं. चौथ्या बाईंचा आजार हाडात असेल आणि नवा तुकडा हाडातून काढणार असतील, तर हाड मऊ करायला तीव्र ॲसिड वापरलं की डीएनए तुटतो आणि रिपोर्टवर «नमुना अपुरा» येतो. आधीच सांगून ईडीटीए या सौम्य द्रावणात करायला लावा, दिवस जास्त लागतात पण चाचणी होते. जुन्या ऑपरेशनचा ब्लॉकही (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) चालतो, तो जिथे ऑपरेशन झालं तिथेच असतो, पत्र देऊन मागता येतो. रक्तातून टेस्ट करून निगेटिव्ह आली तर तिथे थांबू नका. गाठ रक्तात पुरेसा डीएनए सोडत नसेल तर निगेटिव्ह येते, मग ब्लॉकवर करायची. रक्तात पॉझिटिव्ह आलं तर ते पुरेसं. फुलवेस्ट्रंटच्या आधी बरीच वर्षं लेट्रोझोल झालं असेल तर त्याच रक्तात ईएसआर१ (इस्ट्रोजेन रिसेप्टरचा जीन) चाही बदल बघून घ्या, नमुना एकदाच द्यावा लागतो.

सीमाभाग योजना मदत

कार्डाचा घोळ थोडक्यात. आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटकमध्ये बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, एपीएलला पॅकेजच्या ३० टक्के, मर्यादा दीड लाख. महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा फुले योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं, कर्नाटकाने त्याला हरकत घेतली. त्यामुळे गावाचं नाव यादीत आहे एवढ्यावर निघू नका, कोल्हापूर-मिरजेच्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राशी आधी फोनवर बोलून कुठली कागदपत्रं चालतात ते विचारा. आणि प्रश्न नेमका विचारा: «कॅन्सर मोफत आहे का» असं नाही, «महिन्याच्या रायबोसिक्लिबच्या गोळ्या पॅकेजमध्ये आहेत का, की फक्त केमो आणि ऑपरेशन» असं. दोन सायकल पैसे भरून तिसऱ्यापासून बंद पडली तर हातात काही राहत नाही. परवडणारच नसेल तर डॉक्टरांना सुरुवातीलाच सांगा, देशी पाल्बोसिक्लिबवर नियमित राहणं चांगलं.

निपाणी मेडिकल

उपकार झाले सगळ्यांचे. शेवटचं एक: गोळी घेतली आणि अर्ध्या तासात उलटी झाली, तर दुसरी देऊ का? आणि हाडाच्या दुखण्याला लाइट (रेडिएशन) द्यायचं ठरलं तर पाल्बोसिक्लिब चालू ठेवायचं?

क्लिनिकल फार्मसी

उलटी झाली तरी दुसरी गोळी नाही, विसरली तरी नाही. पुढची नेहमीच्या वेळेला. रिकामी जागा दिसेल म्हणून स्ट्रिपवर त्या दिवसावर पेनाने फुली मारायला सांगा, म्हणजे सायकलचे २१ दिवस मोजताना घोळ होत नाही. सुट्टीच्या सात दिवसांत लेट्रोझोल चालूच राहतं हे प्रत्येक वेळी सांगा, दोन्ही एकदम बंद करणारे बरेच निघतात. पाल्बोसिक्लिबची कॅप्सूल असेल तर जेवणासोबत, टॅब्लेट कशीही.

लाइटच्या दिवसांत बहुतेक ठिकाणी पाल्बोसिक्लिब थांबवतात, विशेषतः किरणं अन्ननलिका किंवा आतड्यावरून जाणार असतील तर. किती दिवस आधी आणि नंतर, ते लाइट देणारे आणि गोळी लिहिणारे डॉक्टर मिळून ठरवतील. दोघे वेगवेगळ्या गावांत असतात, तेव्हा गोळीचं नाव, डोस आणि सायकलचा कितवा दिवस हे एका कागदावर लिहून फाइलला टाचून द्या.

निपाणी मेडिकल

चारही फाइलींना लावतो.